थोरल्यांच्या छातीखालचा पाइप

थोरल्यांचा पुतळा कोसळला तेव्हा चौकातल्या माणसांनी अशी काही आरोळी ठोकली, की खाली पाइप फुटल्याचा आवाज कुणाच्याच कानी पडला नाही. चावीवालीच्याही नाही. आणि जमिनीखालचं ऐकायचा तर तिला पगार मिळत होता.

थोरले म्हणजे एकतीस वर्षं देश मुठीत ठेवणारा माणूस. त्याचं खरं नाव घ्यायचं तर पुढे सहा पदव्या लावाव्या लागत, म्हणून लोक आपापसात नुसतं 'थोरले' म्हणत. परक्या फौजा सरहद्द ओलांडून आल्या तेव्हा रेडिओवर थोरल्यांचं भाषण लागलं, रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढण्याचं. भाषण आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं. ते संपेपर्यंत थोरल्यांचं विमान समुद्रापार गेलं होतं. मागे राहिला तो चौकातला पुतळा, तीन मजली, ब्राँझचा, उजवा हात वर केलेला.

आता चावीवालीबद्दल. ती पाणीखात्यात होती आणि चौकाभोवतीच्या वस्तीला पाणी सोडायचं, बंद करायचं हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. चावी म्हणजे तिच्याहून हातभर उंच लोखंडी दांडा. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढायचं, चावी आत उतरवून व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. ही जागा आधी तिच्या सासऱ्यांची. त्यांनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली होती. चावी जमिनीवर उभी टेकवायची आणि मुठीला कान लावायचा. खाली लाइन असली की पाणी ऐकू येतं. कुठे गळतंय, कुठे तुंबलंय, सगळं कळतं.

याची गरज होती, कारण खात्याच्या भिंतीवरचा नकाशा साफ खोटा होता. वस्तीची अठरा इंची बिडाची लाइन पूर्वेकडून येऊन चौकाखालून सरळ जात होती. पण थोरल्यांच्या पायाशी लोळणारा पाइप कागदावर काढायची छाती कुणाची? तेव्हाच्या साहेबांनी नकाशात ती लाइन चौकाला पश्चिमेकडून वळसा घालून नेली आणि बढती घेतली. खात्यात हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नकाशा भिंतीला शोभा म्हणून आहे, असं सासरे म्हणायचे.

पुतळा पाडायच्या दिवशी अख्खं शहर चौकात लोटलं होतं. लोक नाचत होते, आणि चावीवाली तासभर त्यांच्यात नाचत होती, चावीसकट. फौजेची भली मोठी क्रेन आली होती. थोरल्यांच्या गळ्यात साखळदंड पडला होता. तेवढ्यात परक्यांचा कॅप्टन गर्दीतून वाट काढत आला. सोबत दुभाषे मास्तर. हे मास्तर शाळेत परक्यांची भाषा शिकवत. थोरल्यांनी त्या भाषेवर बंदी घातली तेव्हा मास्तरांनी एक शब्द न बोलता बारा वर्षं भूगोल शिकवला.

"बाई पाणीखात्यातल्या ना?" मास्तर म्हणाले. "कॅप्टन विचारतायत, पुतळा कुठल्या बाजूला पाडला तर खाली काही नाही?"

कॅप्टनच्या हातात नकाशा होता, तोच, भिंतीवरचा. चावीवालीला धाप लागली होती, ती हसत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी गणवेशातला माणूस तिला काहीतरी विचारत होता. तिने नकाशाकडे पाहिलं आणि चावी उंच करून पूर्व दाखवली.

"इकडे. एकदम मोकळं आहे."

कान लावला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

वीस मिनिटांत थोरले तोंडावर पडले. मग जमिनीतून दोन मजले उंच पाण्याचा फवारा उडाला. लोकांना वाटलं, परक्यांनी खास व्यवस्था केली आहे. पाव तास सगळी वस्ती त्या पाण्यात नाचली. म्हाताऱ्यांनी चपला काढून नाचून घेतलं. एकटी चावीवाली ओलीचिंब होऊन उलट्या दिशेने धावत होती, वरचा व्हॉल्व्ह बंद करायला. तो बंद केला आणि वस्तीचं पाणी गेलं. ते गेलं ते गेलंच.

दीड महिना झाला. थोरले चौकात पालथे पडून होते आणि त्यांच्या बरोबर छातीखाली फुटका पाइप. ते उचलल्याशिवाय खणता येत नव्हतं. शहराच्या मालकीची क्रेन आठ टनांची, थोरले तीस टनांचे. रोज दोनदा परक्यांचे टँकर येत आणि वस्ती बादल्या घेऊन रांगेत उभी राही. तरी रडगाणं कुणी गात नव्हतं, हेही सांगायला हवं. रांगेत लोक मोठमोठ्याने बोलत, थोरल्यांच्या नकला करत, आणि पोरं थोरल्यांच्या पाठीवरून घसरगुंडी खेळत. पाणी नव्हतं, पण घशाला कोरड पडेपर्यंत बोलायची मुभा होती, आणि लोक ती पुरेपूर वापरत होते.

घरी मात्र चावीवालीच्या नाकी नऊ आले होते. तिच्या सासूबाईंची लॉन्ड्री होती, चौकाच्या कोपऱ्यावर, चाळीस वर्षांची. सासूबाई धूत, नवरा इस्त्री करी. आता मशीनं कोरडी आणि नवरा थंड इस्त्री हातात धरून बसलेला. आणि सासूबाईंची जीभ आधीच वस्तीत प्रसिद्ध. नवरा वीस वर्षांचा असताना एकदा थोरल्यांच्या भाषणाला फिदीफिदी हसला होता आणि दोन शिपाई त्याच्याकडे वळले होते, तर सासूबाईंनी भर रस्त्यात त्याला चपलेने असं झोडपलं, की शिपायांचं हसून पोट दुखायला लागलं आणि ते निघून गेले. अशी बाई. ती आता रोज टँकरच्या रांगेत, परक्या शिपायांच्या समोर उभी राहून बोटं मोडायची.

"पाइपावर पुतळा पाडायला सांगणाऱ्याचं वाटोळं होवो. त्याच्या नळाला सात पिढ्या नुसती हवा येवो. कोण मेला असेल तो, आमच्या वस्तीतला तर नक्कीच नाही."

शेजारी बादली धरून उभी असलेली चावीवाली मूग गिळून गप्प राहायची. इतक्या गर्दीत, इतक्या गोंधळात मास्तरांखेरीज वस्तीतल्या कुणी आपल्याला पाहिलं नाही आणि मास्तर बोलणार नाहीत, एवढाच तिला आधार होता.

त्यात परक्यांची चौकशी. त्यांचा नियम असा होता: नुकसान आपल्या चुकीने झालं असेल तर जाण्याआधी आपण दुरुस्त करायचं, स्थानिकांच्या सांगण्याने झालं असेल तर फाइल शहराचा कारभार बघणाऱ्या नव्या समितीकडे द्यायची आणि हात झटकायचे. नवी समिती त्या वेळी समितीचं नाव काय असावं यावर चर्चा करत होती, आणि चर्चेला रंग चढला होता. कॅप्टनने फाइलमध्ये लिहिलं होतं, 'पाणीखात्याच्या एका व्यक्तीने दिशा दाखवली.' फौजेच्या चौकशी अधिकाऱ्याने वस्तीत दारोदार फिरून विचारलं. प्रत्येक दारी एकच उत्तर मिळालं: असं कुणी नव्हतंच, तुमचा कॅप्टन खोटं बोलतोय. घोंगडं भिजत पडलं.

मग एका सोमवारी सकाळी मास्तर बातमी घेऊन आले. फौज काढता पाय घेतेय. गुरुवारी क्रेन जाणार.

नवऱ्याने गिऱ्हाइकांचे न धुतलेले कपडे गठ्ठ्यात बांधायला घेतले, परत देण्यासाठी. सासूबाई टँकरवरून दोन बादल्या घेऊन आल्या आणि लॉन्ड्रीच्या पायरीवर बसल्या. एकाहत्तर वर्षांची बाई; बसली ती बसलीच. शिव्या नाहीत, बोटं मोडणं नाही. नुसती बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली.

ते चावीवालीला सोसवेना. शिव्या तिने दीड महिना झेलल्या होत्या, पण ही शांतता नाही. तिने कोपऱ्यातली चावी उचलली.

"कुठे निघालीस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आलेच, आई."

कॅप्टनचं कार्यालय जुन्या टपालकचेरीत होतं. खोकी बांधून तयार होती, भिंतीवर खिळे तेवढे उरले होते. चावीवाली आत गेली, चावी भिंतीला टेकवली आणि मास्तरांना म्हणाली, "सांगा त्यांना, ती मी होते."

मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, जरा विचार करा. आत्तापर्यंत आपलं म्हणणं आहे की असं कुणी नव्हतंच. तुम्ही कबूल केलंत तर हे सगळं खापर आपल्यावर फोडून मोकळे होतील."

"होऊ देत. खोट्याच्या जोरावर दीड महिन्यात क्रेन हलली का?"

मग तिने सगळं सांगितलं. नकाशा, वळसा, सासरे, कान. "मला ठाऊक होतं नकाशा खोटा आहे," ती म्हणाली. "तरी मी कान लावला नाही. नाचत होते. एवढा आनंद आधी कधी झालाच नव्हता, त्यामुळे तो झाल्यावर काम कसं करायचं ते ठाऊक नव्हतं."

मास्तर भाषांतर करत होते. कॅप्टन ऐकत होता. तो पस्तिशीचा होता, उन्हाने नाक सोललेलं. बराच वेळ तो टेबलावरच्या फाइलची नाडी सोडत आणि बांधत राहिला. मग बोलला, आणि मास्तर एकेक वाक्य तोलून सांगू लागले.

"ते म्हणतायत, जमिनीखालचे पाइप शोधायचं यंत्र त्यांच्या ट्रकमध्येच होतं. सगळा चौक तपासायला दोन दिवस लागले असते. पण फोटोवाले आले होते, वरून फोन येत होते, आजच पाडा म्हणून. म्हणून त्यांनी जो पहिला माणूस दिसला त्याला विचारलं. म्हणजे तुम्हाला. तुम्ही मोकळं म्हणालात आणि त्यांना बरं वाटलं. यंत्राचं त्यांनी फाइलमध्ये लिहिलं नाही."

"मग आता लिहा म्हणावं."

कॅप्टन हसला, पण कसनुसं. मास्तर म्हणाले, "लिहिलं तर त्यांना वरून पत्र येईल. बढतीच्या वेळी काढून दाखवतात तसलं."

"आणि मी बोलले तर माझी सासू मला बादलीत बुडवेल. बादलीत पाणी नसलं तरी."

मास्तरांनी विचारलं, "हेही सांगू?"

"सांगा."

या वेळी कॅप्टन खरंच हसला. मग त्याने फाइल उघडली आणि जबाबदारीच्या चौकटीत स्वतःच्या हाताने आपलं नाव लिहिलं. चौकट एकाच नावापुरती होती. त्याने शेजारी समासात रेघ ओढून दुसऱ्या नावासाठी जागा केली. फौजेची चूक कबूल झाली, पण दिशा दाखवणाऱ्याचा जबाब असल्याशिवाय फाइल मिटणार नव्हती आणि क्रेन मिळणार नव्हती. स्थानिक व्यक्तीचा जबाब जाहीरपणे, वस्तीसमोर व्हायला हवा होता, आणि खाली वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांच्या सह्या. उद्या सकाळी दहा वाजता, चौकात.

वस्तीसमोर म्हणजे सासूबाईंसमोर. तरी ती हो म्हणाली.

मंगळवारी चौक पुन्हा भरला. उंच जागा दुसरी नव्हती, म्हणून मास्तरांनी तिला थोरल्यांच्या खांद्यावर उभं केलं. खाली टेबल, टेबलाशी कॅप्टन आणि चौकशी अधिकारी, आणि पहिल्या रांगेत, कमरेवर हात ठेवून, सासूबाई. चावीवाली तयार करून ठेवलेलं सगळं बोलणं विसरून गेली.

"पुतळा इकडे पाडा असं सांगणारी मी होते," ती म्हणाली. "पाणी माझ्यामुळे गेलं. दीड महिना तुम्ही बादल्या वाहिल्यात आणि मी गप्प बसले. आई, तुम्ही रोज शिव्या देत होतात, त्या योग्य ठिकाणी पोचत होत्या."

तिने डोळे मिटून घेतले. आता काय येतं ते येऊ दे.

काहीच आलं नाही. मग बेकरीवाला खोकला. मग कुणीतरी हसू दाबलं आणि ते दाबलं गेलं नाही.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं."

चावीवालीने डोळे उघडले.

"एवढी उंच चावी हजार माणसांच्या डोक्यावर नाचवत पूर्व दाखवलीस. तशी चावी शहरात एकच आहे. मी लॉन्ड्रीच्या गच्चीवर होते, मला तर दिसलंच, पण बेकरीवाल्याला दिसलं, समोरच्या खिडक्यांना दिसलं, जिन्यावरच्या पोरांना दिसलं. न दिसलेला माणूस शोधायला लागेल."

"मग तुम्ही त्या चौकशीवाल्याला..."

"सगळ्यांनी सांगितलं, असं कुणी नव्हतंच. आपलं माणूस गणवेशवाल्यांच्या हाती द्यायचं का?"

"आणि शिव्या?"

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की काय ही बावळट मुलगी. "एकतीस वर्षं या शहरात कशी काढली आपण? ज्याला वाचवायचं त्याला चारचौघांत सगळ्यात जास्त शिव्या आपणच घालायच्या, म्हणजे संशय आपल्या दाराशी येत नाही. नवऱ्याला विचार तुझ्या, चपला कशासाठी खाल्ल्या त्याने. मी घसा फोडून त्या शिपायांपुढे ओरडत होते, ते तुझ्यासाठी. तुला कळलं नाही?"

चावीवालीला रडू आलं. हसूही आलं. थोरल्यांच्या खांद्यावर उभी राहून तिने दोन्ही एकदम केलं. दीड महिना जिच्या तोंडाला ती घाबरत होती, ती तिच्यासाठीच ओरडत होती, आणि सगळी वस्ती तिच्यासाठी खोटं बोलत होती, कोरड्या नळांच्या किमतीवर. एवढी माया आपल्या वाट्याला आली आणि आपल्याला पत्ता नाही, याची तिला लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

मास्तर हे सगळं कॅप्टनला सांगता सांगता थकले. कॅप्टनने एकच विचारलं.

"ते विचारतायत," मास्तर म्हणाले, "पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर आपण मिळून हे तेव्हाच सोडवलं असतं. का नाही सांगितलंत?"

सासूबाई टेबलाशी गेल्या. "त्यांना सांगा, सवय गेली नाही अजून. थोरले गेले म्हणजे सवयी विमानात बसून जात नाहीत. आणि हेही सांगा, तुम्ही त्याला पाडलंत, उपकार झाले. मी जन्मभर विसरणार नाही. पण उपकाराच्या खाली आमचा पाइप फुटलाय, तो सांधून जा." मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली. दुसरी सही बेकरीवाल्याने केली, पिठाच्या बोटांनी.

क्रेन बुधवारी आली आणि गुरुवारी गेली नाही. थोरल्यांना उचलून बाजूला उताणं ठेवलं. खड्ड्यात उतरून चावीवालीने आणि फौजेच्या चार मेकॅनिकांनी फुटका तुकडा कापून काढला आणि नवा बसवला. पाडायला वीस मिनिटं लागली होती, जोडायला चार दिवस लागले. मधल्या जेवणाच्या सुट्टीत चावीवालीने खात्यात जाऊन भिंतीवरच्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीने लाइन काढली, सरळ, चौकाखालून. कॅप्टनने त्याची प्रत मागून घेतली. शनिवारी त्याला वरून ते पत्र आलं. त्याने ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला.

"आम्ही गेल्यावर हे कोण बघणार, असं विचारतायत," मास्तर म्हणाले.

"मी," चावीवाली खड्ड्यातून म्हणाली. "पण पुढच्या वेळी ते यंत्र ट्रकमधून काढत जा म्हणावं. दुसऱ्या कुणाच्या गावात."

कॅप्टनने मान डोलावली.

रविवारी सकाळी तिने वरच्या चेंबरचं झाकण काढलं, चावी बसवली आणि पाव पाव फेरा देत व्हॉल्व्ह उघडला. मग चावी उपसून ती चौकात आली, भरलेल्या खड्ड्याच्या मातीवर टेकवली आणि मुठीला कान लावला. सगळा चौक श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने मूठ सासूबाईंच्या कानाशी दिली.

सासूबाई ऐकत राहिल्या. सासरे चाळीस वर्षं ज्याचं कौतुक सांगायचे ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "आहे खरं," त्या हळूच म्हणाल्या. "बोलल्यासारखं वाटतं." मग कॅप्टनने ऐकलं, मग रांगच लागली, आणि ही रांग हसत हसत पुढे सरकत होती.

लॉन्ड्रीच्या नळाने आधी ठसका दिला, मग तांबडं पाणी ओकलं, मग नितळ धार लागली. दुपारपर्यंत पहिल्या चादरी धुऊन निघाल्या, आणि वाळत घालायला जागा कमी पडली म्हणून सासूबाईंनी चार चादरी थोरल्यांच्या वर केलेल्या हातावर टाकल्या.

परक्यांचा एक फोटोवाला तेव्हाच्यासारखाच पुन्हा आला होता. त्याला चादरींचा फोटो हवा होता. शेजारी चावी घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे बोट दाखवून त्याने विचारलं, ही कोण?

मास्तरांनी प्रश्न सासूबाईंना सांगितला. आजवर सासूबाईंच्या बोलण्यातलं निम्मं गाळूनच ते परक्यांना सांगत आले होते, आताही गाळायच्या तयारीनेच ते उभे राहिले. वस्तीने कान टवकारले. समोरच्या दोन खिडक्या मुद्दाम उघडल्या.

सासूबाईंनी पदराला हात पुसले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ही माझी सून," त्या म्हणाल्या. "फार गुणाची आहे."

मास्तरांनी ते जसंच्या तसं सांगितलं.